वाळवी लागलेलं पुस्तक आणि सहा कवड्या

आमच्या नर्सरीत उसाची रोपं आणि किस्से एकाच वेगाने वाढतात. रोपं निदान गिऱ्हाईक घेऊन जातं. किस्से तसेच पडून राहतात, आणि रविवारी कोणीतरी एखादा उकरून काढतंच. परवा स्नेहल म्हणाली, "ताई, हे लिहून ठेवा, न्हाईतर भाऊसाहेब दर वेळी सोताला हिरो करून सांगतात." भाऊसाहेबांचं म्हणणं, लिहायचंच तर पंचनाम्यासारखं लिहा, खाली दोन पंचांच्या सह्या घ्या. मी दोघांचंही ऐकणार नाही. जसं आठवतंय तसं सांगते.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. कोल्हारला प्रवरेच्या काठाजवळ आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. शेडनेटखाली एक लांबलचक टेबल आहे. रविवारी सकाळी सात वाजता त्यावरचे रोपांचे ट्रे खाली उतरतात आणि भोवती आम्ही चौघं बसतो, ते अकरापर्यंत. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. सांगणारी मी. मी म्हणायचं, "समोर दरी आहे, पूल तुटलाय, काय करता?" मग ज्याने त्याने सांगायचं की आपण काय करणार. ते जमतं की फसतं, हे फासा ठरवणार. त्यात जादू आहे, राक्षस आहेत, भुयारं आहेत. शेतकी कॉलेजच्या हॉस्टेलवर मला हा नाद लागला. लग्न होऊन कोल्हारला आले तेव्हा त्याच्या नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा बॅगेतून आणला. रुखवतात मांडायचा तेवढा राहिला.

भाऊसाहेब जमीन मोजणीच्या खात्यात आहेत. ते गोष्टीत ढालवाले सरदार. स्नेहल शिर्डीच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असते, रविवारी तिची ड्युटी दुपारनंतर लागते. ती गोष्टीतली चोर. आणि अण्णा. आमच्या शेजारचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, सत्तरीचे. ते जादूगार. चार वर्षं आमची एकच गोष्ट चालली होती. डोंगरात नदीच्या उगमावर आग्या नावाचा आग ओकणारा एक अजस्र प्राणी येऊन बसलाय, खाली नदी आटलीय, आणि या तिघांनी त्याला तिथून उठवायचंय.

आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी हे सगळं चार तास दारातून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "एवढी लढाई झाली म्हनता, आन एक बी जन खुर्चीवरनं उठला न्हाई."

*

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. आग्याच्या डोंगराकडे जाणारी वाट एका दलदलीतून जात होती. मी रंगवून सांगितलं, की इथे दोन राज्यांची हद्द आहे, पण नेमकी कुठे ते कुणालाच माहीत नाही. मला वाटलं, आता तलवारी निघतील.

भाऊसाहेब म्हणाले, "मी मोजणी करतो."

मी म्हटलं, करा.

"लगतच्या कब्जेदारांना नोटीस दिलीय का?"

मी म्हटलं, भाऊसाहेब, लगत फक्त दलदल आहे आणि त्यात एक हडळ राहते.

"मग तिलाबी द्यावी लागंल. पंधरा दिस आधी. न्हाईतर उद्या मोजणीच रद्द व्हती, ताई. असं लई ठिकानी झालंय."

त्यांनी खरोखर हडळीला नोटीस बजावली. तिने ती घेतली का, यासाठी फासा टाकला, तर वीस पडले. म्हणजे घेतली, सही केली, पोच दिली. मी हात टेकले. पण मीही काही कमी नाही. हडळीने हरकत घेतली, आणि आमचे पुढचे दोन रविवार सुनावणीत गेले.

*

स्नेहलचा किस्सा याहून वाईट, कारण त्यात माझं नुकसान झालं. वाटेत एक धर्मशाळा होती. तिचा मालक खरा माणूस नव्हताच, माणसाचं सोंग घेतलेला राक्षस होता. मी त्यावर तीन रविवारांची गोष्ट रचून ठेवली होती. आधी गोड बोलणं, मग एकेक वाटसरू गायब होणं, मग तळघर.

मी मालकाच्या आवाजात म्हटलं, "या पाहुणे, दमला असाल. या खोलीच्या किल्ल्या."

स्नेहल लगेच सरसावून बसली. "थांबा. ह्यानं आयडी मागितला न्हाई."

मी म्हटलं, अगं, जुना काळ आहे.

"असू दे. नाव इचारलं न्हाई, कुठनं आले इचारलं न्हाई, सकाळी सात वाजता खोली दिली. चेक-इन बारा वाजता असतं, ताई. हा लॉज चालवनारा मानूसच न्हाई."

आणि तिने सुरा काढला. तीन रविवारांची मेहनत पाच मिनिटांत संपली. राहिलेल्या वेळात मी त्यांना चहा आणि शेंगदाण्याचा लाडू दिला, कारण सांगायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

*

अण्णांची तऱ्हा वेगळी. या खेळात जादूगाराला सगळ्यात जास्त कागद लागतात. कुठले मंत्र येतात, आज किती वापरले, किती राहिले, सगळं लिहावं लागतं. म्हणूनच अण्णांनी जादूगार निवडला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी सांगायचे, ते मराठीत उतरवून घ्यायचे. सहा पानं झाली. पट्टीने रकाने आखलेले, अक्षर मोत्यासारखं. गोष्टीत दर मुक्कामाला ते हात वर करून खेळ थांबवायचे आणि पान पुरं करायचे. ऐन लढाईत, राक्षस अंगावर येताना, अण्णांचं आपलं, "थांबा वो. टप्पा बदलला. आधी नोंद हुं द्या."

आणि आम्ही थांबायचो. राक्षससुद्धा थांबायचा.

तीस वर्षांत अण्णांनी कुणाला बिनतिकीट जाऊ दिलं नाही, असं गावात सांगतात. स्वतःच्या मेव्हण्याला त्यांनी मिरजगावच्या अलीकडे भर उन्हात उतरवलं होतं. त्यामुळे पुढचा प्रकार सुरू झाला तेव्हा माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

अण्णांनी फासा टाकला आणि म्हणाले, "तीन." फासा माझ्यासमोर होता. त्यावर अठरा होते.

मला वाटलं, चुकले असतील. पुढच्या वेळी फाशावर चौदा, अण्णा म्हणाले, "पाच." मी स्नेहलकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तीन रविवार असंच चाललं. त्यांचा जादूगार दर लढाईत मार खात होता. भाऊसाहेबांना काहीच कळलं नव्हतं. ते आपले म्हणत होते, "अण्णा, साडेसाती लागलीय तुमच्या मागं, शनी-शिंगणापूरला जाऊन या."

मग एका बुधवारी स्नेहलचा फोन आला. शिर्डीच्या स्टँडवर तिने अण्णांना पाहिलं होतं. गाडी समोर उभी होती, पाटी ढळढळीत लावलेली, आणि अण्णा एका पोराला विचारत होते, "बाळा, ही गाडी कुठली रं?"

स्नेहल त्यांना हाक न मारताच परत गेली. 

मी अण्णांच्या मुलाला पुण्याला फोन लावला. त्याने सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही. इंजेक्शनं चालू आहेत, पण गेलेलं परत येणार नाही. "आन वैनी, तुमाला म्हाईत हाय हे त्यांना कळू देऊ नका," तो म्हणाला.

ते सांगायची गरज नव्हती. अण्णा वीस वर्षं भजनी मंडळात होते. वर्षभरापूर्वी मंडळाच्या लोकांनी, वय झालं म्हणून, प्रेमाने त्यांच्यासाठी अभंग मोठ्या अक्षरात लिहून आणले. अण्णांनी कागद घेतला, हात जोडले, आणि त्या दिवसापासून मंडळाची पायरी चढले नाहीत. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. मंडळ सुटलं, तसा त्यांच्याकडे आमचा रविवार तेवढा उरला होता.

आणि आता तोही सुटायच्या बेतात होता. "म्हातारपनी कसल्या जादू आन काय," असं ते दोनदा बोलून गेले होते. मला ते शब्द लागले. मला अण्णा हवे होते, स्पष्टच सांगते. माहेर सोडून आल्यावर या गावात माझ्या या खुळाला न हसता पहिल्यांदा खुर्ची ओढून बसलेला माणूस तो.

फाशाचा उलगडाही तेव्हाच झाला. दिसत नव्हतं म्हणून ते अंदाजाने सांगत होते. आणि अंदाजच करायचा, तर आपल्या फायद्याचा करायचा नाही.

*

भाऊसाहेबांनाही सगळं सांगितलं. ठरलं असं, की गोष्ट तीच ठेवायची आणि नियम बदलायचे. काहीही वाचावं लागू नये, असे नियम करायचे. आणि ते अण्णांसाठी केलेत याचा वासही त्यांना येता कामा नये. त्यासाठी आम्ही तिघं एका रविवारी साडेसहालाच जमलो.

इथे आमची एक चूक झाली. कंडक्टर गाडी सुटायच्या आधी हजर असतो, हे आम्ही विसरलो. आमचं खलबत चालू असताना अण्णा फाटकातून आत येताना दिसले. पुस्तक टेबलावर उघडं! भाऊसाहेबांनी ते उचललं आणि कुठेतरी दडवलं. फासा स्नेहलने मुठीत घेतला.

अण्णा त्यांच्या गादीच्या खुर्चीत बसले. मी जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "अण्णा, वाईट बातमी आहे. पुस्तकाला वाळवी लागली."

"पार?"

"पार. फेकून दिलं."

अण्णा म्हणाले, "आन फासा?"

मी काही बोलायच्या आत स्नेहल म्हणाली, "त्याला बी लागली."

"पिलॅस्टिकच्या फाशाला?"

"लई जोराची वाळवी व्हती, अण्णा," भाऊसाहेब म्हणाले.

मी खाली मान घालून रोपांकडे बघत होते. अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "मग आपली गोष्ट संपली म्हनायची?"

मी म्हटलं, "नाही अण्णा. गोष्ट तीच. नियम नवे करू, आपले आपण."

"मंग चालंल," अण्णा म्हणाले.

*

खरी पंचाईत पुढेच होती. अण्णा गेल्यावर मी पुस्तक मागितलं, कारण नवे नियम करायला जुने समोर हवेत. भाऊसाहेबांनी खताच्या गोण्या हलवल्या, मोटरची खोली पालथी घातली, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या ढिगात हात घातले. पुस्तक नाही. शंभर वर्षांपूर्वी पुरलेला हद्दीचा दगड नकाशावरून काढून देणारा हा माणूस, पण त्याच सकाळी स्वतःच्या हाताने ठेवलेलं पुस्तक काही त्यांना सापडेना.

"घाईत ठिवलं वो. इथंच कुठंतरी हाय."

मी म्हटलं, भाऊसाहेब, असं उत्तर तुम्ही शेतकऱ्याला दिलं असतं का?

म्हणजे चार वर्षांचे नियम डोक्यातून उतरवायची पाळी आली. पुढच्या रविवारी मी वही घेऊन बसले आणि म्हटलं, ज्याला जे आठवतं ते सांगा. तेव्हा मला कळलं, की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं पुस्तक होतं. स्नेहलला पक्कं आठवत होतं, की चोराला दर वेळी दोनदा फासा टाकता येतो. भाऊसाहेबांना आठवत होतं, की त्यांच्या ढालीला आग लागतच नाही. आठ दिवसांत दोघंही चांगलेच बलवान झाले होते.

मी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "माजा बर्फाचा मंतर दिसातनं तीनदा चालतो असं लिवलंय तू, सूनबाई. दोनदाच व्हता."

मी आठवून बघितलं. त्यांचं बरोबर होतं. ती सहा पानं त्यांना मुखोद्गत होती.

*

फाशाच्या जागी काय वापरायचं, यावर आठवडाभर डोकं खाजवलं. हाताला कळेल असं काहीतरी हवं होतं. सासूबाईंच्या माहेरच्या डब्यात सहा कवड्या होत्या, सारीपाटाच्या. कवडीला एका बाजूला दातेरी चीर असते, दुसरी बाजू गुळगुळीत. बोट फिरवलं की उताणी का पालथी ते कळतं. वीस बाजूंचा हिशोब सहा कवड्यांत बसवला, जितक्या उताण्या पडतील तितकं यश. आणि गोष्टीत मी सगळ्यांना आग्याच्या गुहेत ढकलून मशाली विझवल्या. मग नियम असा केला, की गुहेत अंधार आहे, तेव्हा कवड्या टॉवेलखाली टाकायच्या, कुणी बघायच्या नाहीत, टाकणाऱ्याने हाताने मोजून सांगायचं. हा नियम मला सुचला म्हणून मी दोन दिवस स्वतःवर खूश होते.

सासूबाईंना कवड्या मागितल्या. त्या म्हणाल्या, "देते. पर कवड्या माज्या, मंग मला बी मानूस पायजे."

मी म्हटलं, कोण होता तुम्ही? राणी, वैद्यीण, काय हवं ते व्हा.

"त्यो आगीचा सरडा कोन चालवतं?"

"मीच चालवते."

"त्यो मला दे."

मी देणार नव्हते. आग्या हा माझा चार वर्षांचा मुख्य राक्षस होता. पण कवड्या त्यांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी गावात बातमी झाली, की वैशालीने रविवारच्या खेळात सासूला आग ओकणारा राक्षस केलंय. मी कुणाकुणाला सांगू, की त्यांनी तो मागून घेतलाय!

आणि त्यांनी आग्या चालवला तो असा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आत्या, हे तिघं गुहेत शिरलेत, तुम्ही बाहेर येऊन आग ओकता का?

"कशाला? माजी पिल्लं आत हायत. ज्याला गरज आसंल त्यो यील आत."

आग्याला पिल्लं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. तीन महिने त्या उगमावरून हलल्या नाहीत. भाऊसाहेब ढाल घेऊन दोनदा गेले आणि दोनदा भाजून आले. ढालीला आग लागते हे तेव्हा सिद्ध झालं.

*

मंत्रांचा प्रश्न राहिला होता. कागद नको, तर मंत्र ठेवायचे कशात? हे मी अण्णांना विचारणार कसं, या विचारात असताना अण्णा एका रविवारी पिशवी घेऊन आले. पिशवीतून निघाला तिकिटाचा पंच. बाकी सगळं रिटायर होताना जमा केलं, पण हा त्यांनी स्वतःसाठी विकत घेतलेला होता. सोबत पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे.

"कागद लई झालं," ते म्हणाले. "त्यापरीस मंतराचं तिकिट करू."

प्रत्येक तुकड्याला त्यांनी वेगळी खूण केली होती. आगीच्या मंत्राचा कोपरा कापलेला, बर्फाला मधोमध भोक, अदृश्य होण्याला कडेने तीन भोकं. मंत्र वापरला की आणखी एक पंच मारायचा. रात्रीच्या गाडीत, माणूस माणसाला चिकटून उभा असताना, तिकिटं बोटांनीच ओळखावी लागत. ती सवय गेली नव्हती. भाऊसाहेब "वाचवा" म्हणायच्या आत अण्णांच्या बोटांत नेमका तुकडा यायचा आणि पंच वाजायचा.

टॉवेलखाली हात घालून कवड्या मोजायच्या, तर आम्हा बाकीच्यांची फजिती. स्नेहल चाराच्या पाच करायची, आणि तिची चोरी नव्हती, तिला खरंच कळायचं नाही. अण्णा तिला शिकवायचे. "दाबू नगं. दाबली की उलटती. नुसतं बोट फिरव." भाऊसाहेबांनाही ते शिकवायचे. खेळ सोडायची भाषा बंद झाली. मी तर असंही पाहिलं, की नवे नियम आल्यापासून अण्णा खुर्चीत जास्त ताठ बसतात. आधी टेबलावर वाकून असायचे, आता कसे सगळ्यांच्या वर दिसतात. मी स्नेहलला म्हटलंसुद्धा, "बघ, आत्मविश्वास आला की माणूस कसा उंच होतो."

*

आता शेवटचा किस्सा. हा भाऊसाहेब सांगतात तेव्हा त्यात तेच जिंकतात, म्हणून मी सांगते.

चौथ्या महिन्यातला रविवार. सरदार भाजून पडलेला, चोर दगडाआड अडकलेली, आणि अण्णांकडे एकच तिकीट शिल्लक, कोपरा कापलेलं. समोर उगमावर आग्या, म्हणजे आमच्या सासूबाई, पदर खोचून बसलेल्या. मी नियम सांगितला. सहाच्या सहा कवड्या उताण्या पडल्या, तरच आग्या उठेल. चार महिन्यांत सहा कुणालाच पडल्या नव्हत्या. हा डाव फसला, तर आग्या जादूगाराला गिळणार होता.

भाऊसाहेब माझ्या कानाशी लागले, "ताई, चारावर भागवा की."

मी नकारार्थी मान हलवली. अण्णांना चारावर भागवलेलं कळलं असतं. आणि मग काय झालं असतं ते मला माहीत होतं.

अण्णांनी तिकिटाला पंच मारला. कवड्या ओंजळीत खुळखुळवल्या, टॉवेलखाली सोडल्या आणि हात आत घातला. एक बोट सावकाश फिरलं. एकदा फिरलं, पुन्हा पहिल्यापासून फिरलं. मला फाशावरचे अठरा आठवले आणि त्यांचे ते "तीन". मी मनात म्हणत होते, अण्णा, आज कमी सांगू नका.

"सहा," अण्णा म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "टॉवेल काढा. बगू द्या मला."

अण्णा हसले.

"बगायचं काय त्यात, वैनी. हात घाला."

सासूबाईंनी हात घातला. त्यांनीही एकेक कवडी मोजली. मग हात बाहेर काढून पदराला पुसला. "सहा हायत," त्या म्हणाल्या. "उठते मी. पिल्लं घेऊन जाते, आन वाट सोडा जरा."

म्हणजे आग्या उठला. चार वर्षांनी आमची नदी सुटली. स्नेहल रडायला लागली आणि भाऊसाहेब पडल्या पडल्या, म्हणजे खुर्चीतच, टाळ्या वाजवू लागले. गोष्ट सांगणारी मी, नदी कशी खळाळत खाली आली हे सांगायचं माझं काम, आणि मी नुसती कवड्या डब्यात भरत बसले.

गडबड ओसरल्यावर अण्णा उठले. खुर्चीवरची गादी त्यांनी एका हाताने वर केली आणि खालून जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्या पुठ्ठ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ते माझ्या हातात दिलं.

"सूनबाई, हे आता दुसरीकडं ठिव. चार महिने झालं, कोपरा लई लागतोय."

मग ते परत बसले, पहिल्यासारखे थोडे बुटके, आणि पंच हातात घेऊन म्हणाले, "हां. नदी सुटली. फुडं?"